जन्माने संशयित

(नाशिक येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात एका पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाची मान नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघ्याखाली दाबून धरली. फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि जुना वाद पुन्हा पेटला. एक पक्ष म्हणे, पोलिसांचे अत्याचार आधी थांबवा. दुसरा म्हणे, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आपसांत होणाऱ्या हत्यांचे काय?

हा वाद परका वाटतो. परंतु महाराष्ट्रातील पारध्यांच्या, भटक्या-विमुक्तांच्या पालांवर तो मराठीतूनच ऐकू येतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्म हाच गुन्हा ठरविला. नावनोंदणी, हजेरी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत, हे त्या जमातींच्या वाट्याला आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, मनातला राहिला. आजही गावात चोरी झाली की पहिला संशय पालाकडे वळतो.

या संशयाचे भीषण रूप १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात अशाच अफवेने खवळलेल्या जमावाच्या तावडीतून पोलिसांनी एका लहानग्यासह पाच जणांना सुखरूप सोडविले. दुर्बलांना पोलीस हवेच आहेत. मात्र ते रक्षक म्हणून हवे आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

आता दुसरी बाजू. २०१३ मध्ये याच नाशिक शहरात, भटक्या समाजातील एका गर्भवती तरुणीचा, तिने जातीबाहेर विवाह केला म्हणून, प्रत्यक्ष पित्याने खून केला. त्यानंतर जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध राज्यभर आवाज उठला आणि सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा कायदा अस्तित्वात आला. समाजांतर्गत हिंसेवर पांघरूण घालणे ही त्या समाजाची सेवा नव्हे.

परंतु ही हिंसा दाखवून पोलिसी अत्याचाराचे समर्थन करता येत नाही. दोन्हींची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. ज्या स्त्रीला ठाण्याची पायरी चढताच आपल्यालाच आत टाकतील अशी धास्ती वाटते, ती पंचायतीच्या जुलमाविरुद्ध तक्रार कोठे करणार? जेथे ठाण्यावर विश्वास नाही तेथे पंचांचे राज्य चालते. म्हणून पोलिसांचा अत्याचार थांबविणे हा गुन्ह्याला आश्रय नव्हे. तो गुन्हा रोखण्याचा पहिला उपाय आहे.

कायद्याने वाट आखून दिली आहे. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश झाला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले.

राज्याचे उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घडतात. कायद्याच्या कलमांबरोबर पालावरच्या माणसाची ओळखही त्यांना येथेच व्हावी. तथापि सारा भार खाकी वर्दीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली, ती समाजातील माणसे पालांपर्यंत चालत गेली म्हणून. त्या कामातील गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

शहराच्या कडेला पाल पडते तेव्हा सभ्य वस्तीतून प्रथम ठाण्याला दूरध्वनी जातो. त्याआधी एकाने तरी तेथे जाऊन नाव-गाव विचारावे, मुलांच्या शाळेची चौकशी करावी. समरसतेचा आरंभ त्या चार पावलांत आहे.