शरदातील गृहशाळा

(मंडळाच्या कोजागिरी संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि वर्गातील खडू-फळा, एवढीच आमची शिदोरी. म्हणून विषयही घरातलाच निवडला आहे. आश्विन-कार्तिकात आईबाप घरी जी कामे स्वतःच्या हातांनी करतात आणि जी नव्याने शिकतात, त्यांतून मुलांना काय लाभते, याचा आपण थोडा विचार करू.

आपल्या पूर्वजांनी विद्येचे आणि हातकामाचे नाते याच ऋतूत जोडून ठेवले आहे. खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होते. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा विळा आणि विद्यार्थ्याची पाटी यांना एका दिवसाच्या अंतराने सारखाच मान मिळतो. पुढे दिवाळीची सुट्टी येते. पाऊस सरलेला असतो, ऊन स्वच्छ असते, मुले घरी असतात. शिकण्यास आणि शिकविण्यास याहून चांगला काळ कोणता?

प्रथम स्वयंपाकघराकडे वळू. चकलीच्या भाजणीत तांदळाच्या निम्मी हरभऱ्याची डाळ आणि तिच्या निम्मी उडदाची डाळ, असे प्रमाण पुष्कळ घरांत आहे. धान्ये धुऊन, सावलीत सुकवून, निरनिराळी मंद आचेवर भाजावयाची. कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ वेगळा. मोहन अधिक पडले तर चकली तेलात विरते, कमी पडले तर टणक होते. अनारशाचे शास्त्र तर याहून नाजूक. तांदूळ तीन दिवस भिजत घालून पाणी रोज बदलावयाचे, मग उपसून कापडावर पसरावयाचे आणि थोडे ओलसर असतानाच कुटून चाळावयाचे. त्यात गूळ मिळवून गोळा मुरू द्यावयाचा. अनारसा खसखशीवर थापावयाचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तळावयाचा. एवढे करूनही तो तुपात पसरून विस्कटला, तर आपल्या बायका म्हणतात, "अनारसा हसला!" कार्यकारणभाव, प्रमाण आणि धीर यांचा इतका सुंदर धडा आम्हांस कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळला नाही.

परंतु हे ज्ञान बहुतेक घरांत 'अंदाजा'ने चालते आणि अंदाज हा ज्याचा त्याच्याबरोबर जातो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि घरोघर पोहोचले. वाटी-चमच्याची साधी मापे नवशिक्या मुलींना किती आधार देतात, हे त्यावरून दिसून आले. आपल्या आजीची मूठ वाटीत ओतून मोजणे आणि ते माप वहीत उतरविणे, हे काम सातवी-आठवीतले मूलही करू शकेल.

आता हातकामाचे एक उदाहरण सांगतो. आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरातील सूनबाई नोकरी करतात. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या हातचे क्रोशाचे तोरण, राघूंची जोडी विणलेले, दरवर्षी दिवाळीस दारावर लागते. ही वीण त्यांना त्यांच्या आत्याबाईंनी शिकविली. ती कोठे लिहिलेली नाही. सासूबाईंस काचबिंदूने ग्रासले आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने उरलेली जपावयाची, एवढेच हाती असते. तेव्हा सूनबाईंनी गेल्या आश्विनात निश्चय केला की, फराळ थोडा कमी झाला तरी चालेल, पण ही वीण आपण शिकावयाचीच. तोपर्यंत त्यांनी क्रोशाची सुई हाती धरलेली नव्हती.

क्रोशाच्या कामात एक टाका पुरा झाला की सुईवर एकच फास उरतो. तो निसटून दोरा ओढला गेला की, ओळीमागून ओळ उसवत जाते. पहिला आठवडा साखळी घालण्यात आणि ती उसवण्यातच गेला. "आई, हा खांब बरोबर आला का हो?" असे सूनबाई विचारीत. सासूबाई विणीवरून बोट फिरवीत आणि म्हणत, "एक घर सुटलं बघ. आणि दोरा इतका घट्ट नको गं ओढूस." मुलीने मोबाईलवर चित्रफिती शोधून दिल्या. त्यांत टाका स्पष्ट दिसे. परंतु दोरा किती सैल सोडावा, हे आजीने नातसुनेचा नव्हे, प्रत्यक्ष सुनेचा हात हाती धरला तेव्हाच उमगले. मग मुलीने आजीच्या चालत्या हातांचीच चित्रफीत घेऊन ठेवली. मुलाने आलेखाच्या वहीत तोरणाचा नकाशा उतरविला: भरलेले घर काळे, जाळीचे घर पांढरे. आजी बोटांनी मोजून सांगे आणि नातू चौकोन भरी. वडिलांनी त्या दिवसांत भाजणी भाजण्याचे काम आपल्याकडे घेतले.

दिवाळीपर्यंत एकच राघू पुरा झाला. दारावर जुनेच तोरण लागले. तथापि त्या माउलीने आम्हांस जे सांगितले, ते मोलाचे आहे. गणित चुकले की रडून वही मिटणारा त्यांचा मुलगा आता चुकलेले खोडून पुन्हा करू लागला होता. आईला रोज उसवताना आणि पुन्हा विणताना त्याने पाहिले होते. 'प्रयत्न कर' असे आपण मुलांस शंभरदा सांगतो; प्रयत्न करणारे आईबाप मात्र त्यांना क्वचितच दिसतात. मुलांनी आपल्याला नेहमी आज्ञा करताना, किंवा थकून बसलेले पाहिलेले असते.

क्रोशाच्या कामास कोणी क्षुद्र समजू नये. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला, तेव्हा क्रोशाच्या जाळीकामाने कित्येक कुटुंबांना हातभार लागला. आपल्या देशात आंध्रातील नरसापूर परिसरातील स्त्रिया पिढ्यान्पिढ्या या कामावर संसारास मदत करीत आल्या आहेत. गोल रुमाल विणताना प्रत्येक फेरीत टाके बेताने वाढवावे लागतात. कमी वाढविले तर रुमालाची टोपी होते. अधिक वाढविले तर कडेस झालर पडते. त्या झालरीतही गणित आहे. डाइना ताइमिन्या या विदुषींनी १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात, युक्लिडाचे समांतर रेषांचे गृहीतक जेथे लागू पडत नाही अशा पृष्ठाचा नमुना क्रोशाने विणून दाखविला.

हातातून बुद्धी घडते, हा विचार आपणांस नवा नाही. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा आग्रह धरला. तोही शरद ऋतूच होता. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यास स्थापन झालेल्या सेवासदनाने तर प्रौढ स्त्रियांनाही शिकण्याची वाट मोकळी केली. संसारात पडल्यावर शिकणे संपते, हा समज तेव्हाच खोटा ठरला आहे.

कोणी म्हणतील, वेळ कोठे आहे? फराळ विकत मिळतो, तोरणेही मिळतात. खुशाल घ्यावी. गरजू भगिनींनी केलेला फराळ घेणे हेही पुण्याचेच काम आहे. सारे काही घरी करावे, असा आमचा आग्रह नाही. तो भार पुन्हा एकट्या गृहिणीवर पडेल. आमचे मागणे एवढेच आहे की, दर शरदात घरातील एका वडीलधाऱ्याकडून एक गोष्ट आईने किंवा वडिलांनी मुलांच्या देखत शिकावी. ती भाजणी असो, गोधडीचा टाका असो, आकाशकंदिलाची काडी बांधणे असो. पुरुषांनी येथे मागे राहू नये. कढईतील झारा आणि क्रोशाची सुई हात पाहून चालत नाहीत.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. त्याच समारंभात एक मेज अशा कामांसाठी मांडावे. त्यावर पालकाने शिकलेली वस्तू आणि तिच्याशेजारी पाल्याने लिहिलेली कृती ठेवावी. वस्तू अपुरी असली तरी चालेल. पाच वर्षांत आपल्या ज्ञातीतील आजी-आजोबांच्या हातांतील विद्येची एक वही तयार होईल. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण ते हात आपल्यासाठी थांबून राहणार नाहीत.