तासांचा हिशेब आणि उपचाराची नीती



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. स्वमग्न मुलांच्या वर्तनोपचाराचे काम मी करीत आलो आहे. हा उपचार आता मोठा व्यवसाय झाला आहे. झपाट्याने वाढणाऱ्या अशा व्यवसायात नीती कशी टिकावी, एवढाच माझा आजचा विषय आहे.

डिंडोलीत तो समजावणे कठीण नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांनी यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेतली. जे मोजले जाते त्याकडेच मालकाचे लक्ष राहते, हे आपण जाणतो. वर्तनोपचारात मोजतात ते तास.

अमेरिकेत आयव्हर लोवास यांनी 1987 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. 19 मुलांना आठवड्याला सुमारे 40 तास उपचार दिले गेले व त्यांपैकी 9 मुले सर्वसाधारण वर्गात शिकू लागली, असे त्यांनी मांडले. मोठ्याने दटावणे, मांडीवर चापट मारणे हेही त्या पद्धतीत होते. पुढे अशा शिक्षेवर कठोर टीका झाली. 40 हा आकडा मात्र व्यवसायाच्या मनात ठाण मांडून बसला.

याच क्षेत्रातील 'सेंटर फॉर ऑटिझम अँड रिलेटेड डिसऑर्डर्स' ही कंपनी 1990 मध्ये स्थापन झाली. 2018 मध्ये ती ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेने घेतली. शाखा वाढल्या, खर्च आणि जागांची भाडी वाढली; आणि जून 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्पूर्वी अनेक राज्यांतील केंद्रे बंद झाली होती. कापडाचा कारखाना बंद पडला तर तागा दुसरीकडे विणता येतो. ओळखीचा उपचारक अकस्मात दुरावलेल्या मुलाचे तसे नसते.

आपल्याकडे 1992 च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने व्यावसायिकांची नोंदणी आणली, 2016 च्या कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. परंतु कायदा नोंदवही पाहतो. बंद दाराआडची खोली पाहत नाही. तेथे संस्थेची कार्यसंस्कृतीच राखण करते.

म्हणून नवी शाखा उघडण्यापूर्वी तिच्यासाठी अनुभवी मार्गदर्शक तयार असावा. आईवडिलांना उपचार पाहण्याची मुभा असावी. उपचारकाची बढती तासांवर ठरू नये. मुलाच्या नकारालाही अर्थ असतो, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवले जावे.

संस्थेची परीक्षा पाहण्यास माझ्याजवळ एकच प्रश्न आहे. तिथल्या सर्वांत कनिष्ठ उपचारकाला, "या मुलाला आता इतक्या तासांची गरज नाही," असे निर्भयपणे म्हणता येते काय? आणि तसे म्हटल्यावर त्याचे वेतन व मान शाबूत राहतो काय? उत्तर होकारार्थी असेल, तर ती संस्था वाढावी. नसेल, तर तिने आधी थांबावे.