पडद्यावरील कटकारस्थाने आणि आपली विचारशक्ती



माणसाचा मेंदू 'धुऊन' त्याला दुसऱ्याच्या हातचे बाहुले बनविणारे राजकीय कट दाखविणारे चित्रपट अमेरिकेत फार लोकप्रिय आहेत. आपली मुले ते आवडीने पाहतात. म्हणून त्यांचा विचार आपण करावयास हवा.

या परंपरेतील अग्रणी म्हणजे जॉन फ्रँकेनहायमर यांचा 'द मंचुरियन कँडिडेट' (१९६२). कोरियात युद्धकैदी झालेला सैनिक वीर म्हणून मायदेशी परततो. परंतु पत्त्यांतील चौकट राणी दिसताच तो मिळेल त्या आज्ञेने खून करतो. त्याची सूत्रे हलविणारी त्याची आईच निघते, आणि तिचा नवरा असतो कम्युनिस्टांविरुद्ध गर्जना करणारा सिनेटर!

या कल्पनेमागे एक सत्य घटना होती. १९५३ च्या युद्धविरामानंतर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार देऊन चीनची वाट धरली. 'यांचे ब्रेनवॉशिंग झाले' असा निर्वाळा देऊन अनेकांनी हा प्रश्न मिटविला. त्या २१ जणांत तीन कृष्णवर्णीय होते. त्यांपैकी मेंफिसचे क्लॅरेन्स ॲडम्स यांनी आपल्या निर्णयामागे अमेरिकेतील वर्णभेद असल्याचे सांगितले. ते १९६६ मध्ये परतले. त्यांचे आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्याचे म्हणणे ऐकावयाचे नसते, त्याला स्वतःची बुद्धीच नाही असे ठरविणे सोपे असते. अन्यायाविरुद्ध तोंड उघडले की 'यांना कोणीतरी चिथावले' हा शेरा आपल्या वडीलधाऱ्यांनीही ऐकला आहे.

तथापि अशा कटांची भीती सर्वस्वी पोकळही नव्हती. मनावर ताबा मिळविण्याच्या प्रयोगांसाठी सीआयएने १९५३ मध्ये 'एमके-अल्ट्रा' ही गुप्त योजना आरंभिली. अनेकांना त्यांच्या नकळत एलएसडी देण्यात आले. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे व्यसनाधीन कैद्यांवर प्रयोग झाले. त्यांत अनेक कृष्णवर्णीय होते. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी कागदपत्रे नष्ट करविली. तरीही १९७५ च्या चर्च समितीच्या चौकशीमुळे आणि १९७७ मध्ये सापडलेल्या उरल्यासुरल्या हिशेबाच्या कागदांमुळे सत्य उजेडात आले.

यातून आपण काय घ्यावे? प्रत्येक अफवेत कट पाहणारा आणि प्रत्येक कट हसण्यावारी नेणारा, दोघेही विचार करण्याचे कष्ट टाळतात. सीआयएचे कृत्य सिद्ध झाले ते साक्षींनी आणि कागदांनी. ॲडम्स यांचे मन कळते ते त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून. म्हणून मुलांसमवेत असा चित्रपट पाहिल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत: याला पुरावा कोणता? आणि ज्याच्याविषयी हे सांगितले जात आहे, त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय?

हे दोन प्रश्न ज्या घरात नित्य विचारले जातात, त्या घरातील मुलांना बाहुले बनविणे कोणालाही सोपे जाणार नाही. जयभीम!