हजेरीपटावरचे सोबती

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'शाळेचे सोबती' या विषयावर दोन शब्द बोलावेत, असे संस्थेच्या चिटणीसांनी आम्हांस सांगितले. वास्तविक आम्ही वक्ते नाही. बी. ए. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि वीस-बावीस वर्षे खिडकीच्या आतून माणसे व पासबुके पाहत आलो, एवढीच आमची विद्वत्ता. या भाषणात आम्ही सारखे 'आम्ही' म्हणणार आहोत, ते मोठेपणासाठी नव्हे. सांगायचे आहे ते वरळीच्या एका शाळेतून १९९६ च्या मार्चमध्ये दहावीला बसलेल्या सबंध वर्गाचे आहे, आणि त्यात जी चूक घडली तीही सर्वांची मिळून आहे. शाळेचे नाव मुद्दाम घेत नाही.

आमच्यापैकी बहुतेक जण बी.डी.डी. चाळींतले. ज्यांनी त्या चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना दारे, संडास सर्वांना मिळून. आठ माणसांच्या घरात अभ्यासाला जागा कुठली असणार? रात्री जेवणे झाली की पॅसेजमधल्या दिव्याखाली चटई पडे. एकाचे भूगोलाचे पुस्तक, दुसऱ्याचे विज्ञानाचे, आणि गाईड असलेच तर मजल्यात मिळून एक. आमचे वडील गिरणीत होते असे म्हणायचे, पण गिरणी आम्हांला आठवतच नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही दीड-दोन वर्षांचे. आम्हांला आठवतात ते वॉचमन झालेले वडील, आणि दादरहून भाजी आणून पदपथावर विकणाऱ्या आया.

दहावीनंतर पांगापांग झाली. घरातली माणसे वाढली, खोली तेवढीच राहिली. कोणी नालासोपाऱ्याला गेले, कोणी बदलापूर-टिटवाळ्याला, आम्ही कल्याणला आलो. मुली लग्न होऊन गेल्या आणि आडनावांसकट दिसेनाशा झाल्या. त्या काळी फोन तरी कुणाच्या घरी होता? नाक्यावरच्या पेटीत एक रुपयाचे नाणे टाकून निरोप द्यायचा, तोही शेजारच्या वाण्याकडे.

२०१५ साली आमच्यातल्या एकाने व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप काढला. पहिले आठ दिवस कुणी झोपलेच नाही म्हणा ना! कोण कुठे आहे, कुणाला मुले किती, कुणाचे केस गेले. पहिल्याच १ जूनला मोठी गंमत झाली. सकाळपासून वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या त्या दुपारपर्यंत संपेनात, कारण ग्रुपमधल्या अकरा जणांचा वाढदिवस १ जून! आमच्या आयांना जन्मतारखा कुठे ठाऊक? 'आंबे उतरत होते तेव्हा झाला,' एवढी माहिती. मग नाव दाखल करताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहून टाकली. आता हे अकराही जण एकाच दिवशी, ३१ मे रोजी, निवृत्त होणार. केक एकच आणावा, असा ठराव झाला आहे.

बातम्या काय येतात म्हणाल, तर वयाप्रमाणे बदलत गेल्या. आधी मुलांचे शाळाप्रवेश, मग बारावीचे निकाल, मग 'रक्त हवे आहे, ओ पॉझिटिव्ह'. आता साखर किती, गुडघ्याचा डॉक्टर कोणता, अँजिओप्लास्टीला खर्च किती आला. 'आईचे दुःखद निधन, रविवारी जलदान विधी व शोकसभा,' असा मजकूर महिन्याला एखादा तरी असतो. २०२० च्या मार्चअखेर वरळी कोळीवाड्याच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा आमच्यातले तिघे महापालिकेच्या कामावर होते आणि एक जण बेस्टमध्ये कंडक्टर. ते रोज रात्री 'पोहोचलो' एवढा एकच शब्द लिहीत, आणि तो आल्याशिवाय बाकीचे झोपत नसत. ग्रुपला कोणी नावे ठेवू लागले, तर आम्हांला तो एक शब्द आठवतो.

आणि दर वर्षी १२ मार्चला एक आठवण निघते. १९९३ साली आम्ही सातवीत होतो. शुक्रवार होता. दुपारी सेंच्युरी बाजारचा स्फोट झाला आणि खिडक्यांची तावदाने थरथरली. त्या दिवशी मुंबईत जागोजागी स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली, हे पुढे कळले. तेव्हा एवढेच दिसले की बाई वर्गाच्या दारात उभ्या आहेत आणि त्यांच्या हातातला खडू पडला आहे. खाली प्राथमिकची मुले रडत होती. पालक धावत येत होते, ज्यांचे आले नाहीत ती मुले तशीच उभी. तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलाने पहिली-दुसरीतल्या चार मुलांना हाताला धरून चाळीत ज्याच्या त्याच्या दारात नेऊन पोहोचवले. हा मुलगा म्हणजे आमचा मॉनिटर, असे ग्रुपवर ठरलेले होते. दर वर्षी त्याला हात जोडल्याची चित्रे जात, आणि तोही नम्रपणे उलट हात जोडी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बँकेतली गोष्ट बाहेर सांगायची नसते. पण ज्यांची ही गोष्ट आहे त्या वहिनींना विचारून, त्यांच्या संमतीनेच सांगतो आहोत.

२०२५ च्या जूनमध्ये एक बाई आमच्या खिडकीवर आल्या. हातात पासबुक आणि मृत्यूचा दाखला. म्हणाल्या, "साहेब, यांचं खातं बंद करायचंय." नवरा २०२४ च्या नोव्हेंबरात गेलेला. खाजगी सिक्युरिटीत रात्रपाळी करायचे, आंबिवलीला घर. खात्यात शिल्लक अडीच हजारांच्या आत. आम्ही सवयीने पाने उलटली, तर मे २०२४ मध्ये ४३६ रुपये वजा झाल्याची नोंद. ती जीवन ज्योती विम्याची. खातेदार कोणत्याही कारणाने गेला तरी वारसाला दोन लाख मिळतात. वहिनींना त्याचा पत्ताच नव्हता. खाते बंद करून गेल्या असत्या, तर कुणी सांगितलेही नसते. (आपणां सर्वांना विनंती आहे, घरी गेल्यावर पासबुकात ४३६ आणि २० रुपयांची नोंद शोधा, आणि ती कशाची आहे हे घरच्या बाईमाणसाला सांगून ठेवा. २० रुपयांचा विमा फक्त अपघाताचा, हेही सांगा.)

अर्ज भरून घेताना वहिनी आमच्या नावाच्या पाटीकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही वरळीचे का? पहिल्या बाकावर बसायचात?" आम्ही दाखल्यावरचे नाव पुन्हा वाचले. शाळेत त्याला सारे टोपणनावानेच हाक मारीत, पूर्ण नाव डोक्यातच नव्हते. तो आमच्या मागे तिसऱ्या बाकावर बसे. मार्चला गणित आणि इंग्रजी राहिले. ऑक्टोबरला पुन्हा बसला, इंग्रजी सुटले, गणित राहिलेच. पुढे त्याचे काय झाले हे आम्ही विचारले नाही.

"ते इथे आले होते, दोनदा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याच खिडकीवर. तुम्ही कामात होतात. म्हणाले, कशाला, उगाच ओशाळं व्हायला होईल."

खिडकीतून आम्ही वर पाहिले नसेल. पाहिले असेल तर ओळखले नसेल. दोन्हींतले कोणते बरे, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

पुढे दाव्याचे काम चालले तेव्हा त्या आणखी दोन-तीनदा आल्या. आमच्या वर्गातली नावे त्यांना पाठ होती. कोण तोतरे बोले, कोणाच्या डब्यात नेहमी सुका बोंबील असे, सारे ठाऊक. १२ मार्च आला की ते मुलांना गोष्ट सांगायचे, असे त्यांनीच सांगितले. चार लहान मुलांची.

ग्रुपवर आम्ही ते लिहिले तेव्हा बराच वेळ कुणी काही बोलले नाही. दोन दिवसांनी मॉनिटरचा मजकूर आला : 'मी घरी विचारले. आई म्हणते, त्या आठवड्यात मी तापाने पडून होतो. शाळेत आलोच नव्हतो.' त्याला दोष कसा द्यावा? दहा वर्षे सर्वांनी मिळून सांगितले, त्यालाही ते आठवू लागले. त्या चौघांपैकी एक आमच्याच एका सोबत्याची धाकटी बहीण. तिला फोन लावला. ती म्हणाली, "तोच होता. रस्ता ओलांडताना त्याने आम्हांला मोठ्याने बेचे पाढे म्हणायला लावले, रडू नये म्हणून."

दावा उशिरा आला म्हणून कारण लिहून द्यावे लागले, चार कागद जास्त लागले, पण पैसे मिळाले. मुलगी तेव्हा अकरावीला होती, तिच्या नावे मुदत ठेव केली.

मग आमच्या मनात आले, हा ग्रुपमध्ये का नव्हता? हिशेब अगदी सोपा निघाला. ग्रुप काढणाऱ्याकडे निकालाच्या दिवशी शाळेच्या फलकावरून उतरवून घेतलेला कागद होता, त्यावरून त्याने नावे शोधली. म्हणजे जे मार्चला पास झाले तेवढेच आमचे वर्गबंधू! ज्यांचे विषय राहिले, ज्यांनी पुढे १७ नंबरचा फॉर्म भरला, ज्या मुली नववीतच घरी बसल्या, त्यांना आम्ही काढून टाकले असे नव्हे; ते आमच्या ध्यानातच आले नाहीत. परीक्षा मंडळाने एकदा नापास केले, आणि आम्ही एकोणीस वर्षांनी पुन्हा.

२०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही चौघे शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाई आमच्या वयाच्याच होत्या, त्यांनी जुने रजिस्टर काढून दिले. धूळ बसलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, ते तिथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' असे लिहिलेले आहे, हे आपण सर्व जण जाणतोच. दाखल करून घेणाऱ्या कारकुनाला पुढचे काय ठाऊक असणार? आला त्याचे नाव त्याने लिहिले. आमच्या रजिस्टरातही तसेच होते. दहावी 'ब'च्या हजेरीपटावर ५८ नावे निघाली. फलकावरच्या कागदात ३६ होती. आम्ही कँटीनमध्ये बसून उरलेली बावीस नावे वहीत उतरवून घेतली, तेव्हा एकेकाचा चेहरा समोर येऊ लागला. काहींचा आला नाही, हेही सांगितले पाहिजे.

शोधणे सोपे नव्हते. चाळ असती तर कुठल्याही खोलीचे दार वाजवून विचारता आले असते. पण वरळीच्या कित्येक चाळी पाडून झाल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांच्या. आनंदच आहे, आमच्यातल्या दोघांच्या आया त्या घरांत राहावयास गेल्या, स्वतःचा संडास पाहून एकीला रडू आले. मात्र जी माणसे बांधकाम होईपर्यंत भाड्याने बाहेर गेली, त्यांचे पत्ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नाहीत. अखेर लग्नपत्रिका, जयंतीच्या वर्गणीची जुनी पावतीपुस्तके आणि एका म्हाताऱ्या पोस्टमनकाकांची आठवण, एवढ्या भांडवलावर तेरा जण सापडले. त्यांतले तिघे हयात नाहीत.

सापडले ते सगळे आनंदाने आले असे समजू नका. एकाने फोनवर स्पष्टच सुनावले, "तीस वर्षं झाली. आता कशाला?" आम्ही म्हटले, चूक झाली. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. ग्रुपमध्ये तो आलेला नाही. एक बहीण मात्र सोलापूरहून आली. नववीत असताना तिचे लग्न लावून दिले होते. आता अंगणवाडी सेविका आहे आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी, बारावी पास झालेली आहे. ती ग्रुपवर आल्यापासून सकाळचे फुलांचे फोटो कमी झाले, कारण ती विचारते, "हे राहू द्या, कुणाचं काय चाललंय ते लिहा."

नऊ नावे अजून राहिली आहेत. सहा मुली, तीन मुले. आज या सभागृहात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीकडून कल्याण-अंबरनाथ भागात आलेली पुष्कळ मंडळी दिसतात. नऊ नावांचा कागद बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवला आहे. मुलींची नावे माहेरची आहेत, पुढे चाळीचा नंबर लिहिला आहे. कुणाला त्यांतले कोणी ठाऊक असेल, नात्यात असेल, तर चहाच्या वेळी आम्हांला सांगावे. आम्ही तिथेच उभे राहू.

जयभीम.