तिसऱ्यांदा आलेली तीच तक्रार

न्हावऱ्याच्या शिवारात भर उन्हाळ्यात मोटार जळाली की आधी वायरमनची आठवण होते. डीपीवर एक फ्यूज उडालेला असतो, तीनपैकी दोनच फेज उरतात, मोटार घुमत घुमत ओढत राहते आणि वायंडिंग जळून जातं. मग मोटार वर काढा, रिवायंडिंगला टाका आणि ऊस वाळताना बघत बसा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतो. एक फेज गेला की तो सप्लायच तोडतो आणि मोटार वाचते. वायरमन येऊन जे पाहील, ते त्या डबीत आधीच पाहून ठेवलेलं असतं. आयटी सपोर्टमधून प्रोग्रॅमिंगकडे जाणाऱ्यालाही, दर वेळी जाऊन दुरुस्त करण्यापासून ते आधीच लिहून ठेवण्यापर्यंत, एवढंच अंतर कापायचं असतं. पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानानं ते तीस वर्षांपूर्वी कापलं.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायच्या नोकरीला लागले. पगार महिना 400 रुपये. या कामानिमित्त बँकांमधून फिरताना संगणक नजरेस पडला, आणि पुढं हे यंत्र सगळीकडे येणार हे त्यांनी ओळखलं. स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं. धाकटा भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये एक गोष्ट थोरल्याच्या लक्षात यायला लागली. हार्डवेअर धडधाकट असायचं, पण आत व्हायरस बसलेला असायचा. यावर काहीतरी लिही, असं त्यानं धाकट्याला सांगितलं.

तेव्हाचा व्हायरस कसा शिरायचा, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तशीच राहून जायची. सकाळी मशीन चालू केलं की पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश. माणूस जिभेनं च्च करून फ्लॉपी काढायचा, एखादी कळ दाबायचा आणि कामाला लागायचा. पण तो संदेश दिसण्याआधीच फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधला व्हायरस चालून गेलेला असायचा. मायकेलअँजेलो हा त्यातला नावाजलेला. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये तो स्वतः बसायचा आणि तिथला मूळ मजकूर सातव्या सेक्टरमध्ये नेऊन ठेवायचा. वर्षभर मुकाट, आणि 6 मार्चला, त्याच नावाच्या चित्रकाराच्या वाढदिवशी, डिस्कवरचा डेटा पुसायला सुरुवात. 1992 च्या मार्चमध्ये त्यानं जगभर घबराट उडवली होती.

दुरुस्तीवाल्याचा हुकमी उपाय म्हणजे फॉरमॅट. इथं तोही फसायचा, कारण डॉसची फॉरमॅट आज्ञा त्या पहिल्या सेक्टरला हातच लावत नाही. गिऱ्हाइकाचा डेटा जायचा आणि व्हायरस मात्र जागेवर. खरा इलाज अगदी चिमुकला होता. स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं, सातव्या सेक्टरमधला मूळ मजकूर उचलायचा आणि पहिल्यात परत ठेवायचा. एकदा ही जागा कळली की तेच काम प्रोग्रॅमला सांगता येतं. मग शंभरावं मशीन आलं तरी डोकं पहिल्याइतकं तापत नाही.

गंमत अशी की, पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ हाही संगणकाच्या दुकानातूनच निघाला. 1986 मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूख अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला आणि आत आपलं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. रोग दोन भावांच्या दुकानातला, औषधही दोन भावांच्या दुकानातलं!

काटकरांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी 1995 मध्ये नोंदली गेली, 2007 मध्ये तिचं क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारात आली. यशोगाथा म्हणून हे सगळीकडे सांगितलं जातं. पण त्यात एक गोष्ट हमखास निसटते. कोड लिहिला धाकट्यानं. काय लिहायचं, हे मात्र थोरल्याच्या काउंटरवर ठरलं.

आता रांजणगावच्या कारखान्यांत किंवा खराडीच्या ऑफिसांत डेस्कटॉप सपोर्ट करणाऱ्या पोराला ही दोन्ही कामं एकट्यानंच करावी लागतात. मुलाखतीत त्याला ‘फक्त सपोर्टच केलाय का?’ असं विचारतात. प्रश्न खवचट आहे, पण अगदीच चुकीचा नाही. समोरच्या कागदावरच्या दहा पायऱ्या वाचून दाखवत पाच वर्षं काढली असतील, तर ती पाच वर्षं प्रोग्रॅमिंगच्या कामी येत नाहीत. महागडा क्लास लावून ती भरूनही निघत नाहीत.

त्यापेक्षा प्रिंटर अडकल्याचं तिकीट घ्यावं. विंडोजवर प्रिंट स्पूलर ही सर्व्हिस थांबवायची, तिच्या फोल्डरमधल्या अडकलेल्या फायली काढायच्या, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. सपोर्टवाल्याच्या हाताला हे झोपेतही येतं. पॉवरशेलमध्ये ते तीन-चार ओळींत बसतं आणि पहिल्या दिवशी चालतंही. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस थांबायलाच तयार नसते, तेव्हा किती वेळ वाट पाहायची हे लिहावं लागतं. तिसऱ्या दिवशी अकाउंट्समधून फोन येतो, रांगेत लावलेली चाळीस बिलं कुठं गेली? मग तो पोरगा पुन्हा ती स्क्रिप्ट उघडतो आणि फायली काढायच्या ओळीच्या वर एक नवी ओळ घालतो. कुणाची फाइल आहे, ते आधी बघ.