आधी पाया, मग वेग

(धुळे-जळगाव परिसरातील तरुण धावपटूंसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पहाटे जळगावच्या मेहरुण तलावाकाठी किंवा धुळ्यात पांझरेच्या काठी दोन प्रकारचे धावणारे दिसतात. पहिले, पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे विशीतले तरुण-तरुणी. दुसरे, 'खानदेश रन'सारख्या उपक्रमांमुळे धावण्याची गोडी लागलेले, चाळिशी ओलांडलेले व्यापारी, शिक्षक आणि डॉक्टर. पहिल्यांना भरतीचे १६०० किंवा ८०० मीटर खुणावतात, तर दुसऱ्यांना मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर १९५ मीटर. उद्दिष्टे भिन्न आहेत, पण उणीव बहुधा एकच असते. दोघांनाही कळस आधी हवा असतो. पाया भरण्यासाठी लागणारा धीर मात्र नसतो.

हा विषय केवळ छंदाचा नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीसभरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचा मृत्यू झाला. दमट उष्म्याचे दिवस होते. पुढे ते अंतर कमी करण्यात आले. व्यवस्थेने काय करावे, याची चर्चा तेव्हा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु ज्या घरातून उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी भरतीला निघणार आहे, त्या घराने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : या शरीराची तयारी किती महिन्यांची आहे?

आपल्याकडे काळ्या जमिनीवर घर बांधताना गवंडी मुरूम लागेपर्यंत खोदतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवर उभारलेली भिंत टिकत नाही. धावण्याचेही तसेच आहे. अनेक आठवडे संथ गतीने, नियमितपणे कापलेले अंतर हाच धावपटूचा पाया. धावणारे त्याला 'बेस' म्हणतात.

या संथ किलोमीटरांनी शरीरात नेमके काय घडते? हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे वाढतात. साठवलेली साखर जपून वापरून चरबीचे इंधन जाळण्याची सवय शरीराला लागते. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, कारण तोवर साखरेचा साठा संपत आलेला असतो. तिथे पायाच उपयोगी पडतो.

येथे एक धोका लक्षात घ्या. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे, सांधे आणि स्नायूबंध यांना बळकट होण्यास कितीतरी अधिक काळ लागतो. छाती 'पळ' म्हणत असते तेव्हा नडगी अजून तयार नसते. उत्साही धावपटू दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जायबंदी होतात ते यामुळेच.

भरतीचा उमेदवार म्हणेल, मला तर १६०० मीटरच धावायचे आहे, लांब अंतराशी माझा काय संबंध? त्याचे उत्तर न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी दिले आहे. ते आपल्या धावपटूंकडून पायाबांधणीच्या काळात आठवड्याला शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर धावून घेत. अवघ्या ८०० मीटरसाठी धावणारा पीटर स्नेलही त्यातून सुटला नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे, तर त्यांच्याच शिष्याने, मरे हॅलबर्गने, ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये कांस्यपदकाचा मानकरी ठरला. अंतरे तीन, पाया एकच.

आपल्या मातीलाही हे नवे नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. आणि आपल्या जिल्ह्याचेच पाहा : मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते आणि सुमारे महिनाभर वाटचाल करते. त्या दिंडीतील साठीची माउली कोणाशी स्पर्धा करत नाही. ती रोज ठरलेले अंतर चालते, विसावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. पायाबांधणीचे सारे शास्त्र त्या पावलांत आहे.

आता प्रत्यक्ष आचरणाकडे येऊ. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन डोळ्यांपुढे असेल, तर पाया जून-जुलैतच घालावा. आठवड्यातून चार दिवस धावा. एकूण वीस किलोमीटरपासून आरंभ करून दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरच वाढवा आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून शरीराला उसंत द्या. सोबत्याशी अहिराणीत सलग गप्पा मारता येतील, तीच योग्य गती. वाक्य तुटू लागले, की वेग अधिक झाला असे समजा. एक दिवस लांब पल्ला ठेवा, पण तो आठवड्याच्या एकूण अंतराच्या एक तृतीयांशाच्या आसपासच असावा. तीन-चार महिने हे सांभाळल्यावरच वेगाचा सराव सुरू करा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वी धावणे संपलेच पाहिजे. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर अंतर आणि गती दोन्ही आवरा. छातीत दुखणे, भोवळ येणे, धावताना शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसली तर जिद्द बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. चाळिशीनंतर आरंभ करणाऱ्याने हृदयाची तपासणी आधीच करून घ्यावी. आहारासाठी दूर पाहायला नको; कळण्याची भाकरी आणि जळगावचे केळे आपल्या घरातच आहे.

मित्रहो, पाया जमिनीखाली असतो. त्याला टाळ्या मिळत नाहीत, पदकही मिळत नाही. परंतु उभी राहिलेली प्रत्येक वास्तू त्याच्याच आधारावर उभी असते. उद्या पहाटे घराबाहेर पडाल, तेव्हा घड्याळ घरी ठेवा आणि सोबतीला मित्र घ्या. सावकाश धावा, रोजच्या नेमाने धावा आणि सुखरूप घरी या. वेग मागाहून आपल्या पावलांनी येईल.