वारा पडला की

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत रम नावाचे एक बेट आहे. तिथे निघालेला माणूस सामानात रेनकोट घेतो, चिखलाचे बूट घेतो, दुर्बीण घेतो आणि डोक्यावरून मानेपर्यंत उतरणारी एक बारीक जाळीही घेतो. उन्हाळ्यात ही जाळी विसरली, तर बाकीच्या सामानाचा फारसा उपयोग होत नाही.

मॅलेग बंदरातून बोट निघते आणि स्मॉल आइल्स नावाच्या चार बेटांना फेरी घालते. त्यांतले सर्वांत मोठे ते रम. क्षेत्रफळ सुमारे १०५ चौरस किलोमीटर आणि कायमची वस्ती जेमतेम चाळीसएक माणसांची. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, धक्क्यावर उतरले की पायीच निघायचे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी होता. त्याचे झिजलेले अवशेष आज डोंगर होऊन उभे आहेत. सर्वांत उंच शिखर ॲस्किव्हल, ८१२ मीटर. खाली किनलॉख हे एकच गाव, खाडीच्या कडेला तंबू ठोकायची जागा आणि जवळच एक साधे वसतिगृह. दिवसभर वारा खेळत असतो तोवर सगळे मजेत असतात. संध्याकाळी वारा पडतो, आभाळ झाकोळते, आणि गवतातून धुरासारखे काहीतरी वर येऊ लागते.

हा मिज. शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस इम्पंक्टाटस. त्याचा पंख जेमतेम दीड मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही तो आत शिरतो. चावते ती मादीच. अंड्यांची पहिली खेप ती रक्ताशिवाय घालते, अळी असताना अंगात साठवलेल्या अन्नावर. पुढच्या खेपेसाठी मात्र तिला रक्त लागते. डासासारखी सोंड खुपसून ती रक्त ओढत नाही. दातेरी जबड्याने कातडी कापते आणि जखमेत साचलेले रक्त पिते. एका मिजच्या चाव्याचे माणसाला काही वाटत नाही. पण त्या एकट्या कधीच नसतात. केसांच्या मुळाशी, कानामागे, पापण्यांवर, बाहीच्या शिवणीत हजारोंनी बसतात. चहाचा पेला तोंडाला लावेपर्यंत त्यावर काळी साय धरते. तिथल्या मिजमुळे माणसाला रोग होत नाही, एवढाच दिलासा. खाज मात्र रात्रभर झोपू देत नाही.

पण या किड्याचे वागणे समजून घेतले, तर त्याच्यापासून बचाव करता येतो. ताशी दहाबारा किलोमीटरचा वारा सुटला की त्याला उडणे जमत नाही. कडक ऊन त्याला सोसत नाही. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ, दमट, निवांत दुपार या त्याच्या वेळा. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर तो येतो आणि गडद कपड्यांकडे जास्त ओढला जातो. म्हणून फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे आणि तंबू वाऱ्याच्या तोंडाला ठोकायचा. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात हवामानाबरोबर मिजचाही अंदाज रोज दिला जातो. यावरून तिथल्या लोकांच्या दिनक्रमात या किड्याचे स्थान लक्षात यावे.

रमवर तो इतका का, याचे उत्तर पायाखालीच मिळते. तिथल्या डोंगरात वर्षाला तीन मीटरपर्यंत पाऊस पडतो, म्हणजे साधारण आपल्या कोकणाइतका. फरक एवढाच, की कोकणात तो चार महिन्यांत कोसळून जातो आणि तिथे बारा महिने झिरपत राहतो. पाण्याखाली पुरते न कुजलेले शेवाळ आणि गवत थरावर थर साचून पीट नावाची काळी, स्पंजासारखी माती होते. मिजच्या अळ्या वाढतात त्या याच ओल्या मातीत. त्याच मातीवर ड्रॉसेरा ही चिकट केसांची वनस्पती उगवते आणि मिज पकडून खाते. वटवाघळे आणि पाकोळ्या त्यांच्यावर जगतात. ही ओल उपसून टाकली तर मिज कमी होतील, पण मग रमचे रमपणही उरणार नाही.

माणसाने या बेटावर हुकूम गाजवून पाहिलाच. १८२६ च्या सुमारास जमीनदाराने मेंढ्यांसाठी तिथली सुमारे तीनशे कुळे-माणसे जहाजात बसवून कॅनडाला धाडली. पुढे बेट विकत घेतले ते बुलॉ घराण्याने. लँकाशायरमधल्या ॲक्रिंग्टन गावी त्यांचा कापड गिरण्यांची यंत्रे बनवण्याचा मोठा कारखाना होता. लँकाशायरच्या यंत्रांशी आपल्या गिरणगावाचाही जुना संबंध; त्याच उद्योगातल्या पैशातून रमवर एक वाडा उभा राहिला. जॉर्ज बुलॉने १८९७ मध्ये किनलॉख कॅसल बांधायला घेतला. बांधकामावरच्या मजुरांना तंबाखूसाठी रोज दोन पेन्स जादा मिळत, कारण चिलमीच्या धुराने मिज लांब राहत, असे तिथे आजही सांगतात. वाड्यात वीज होती, आपोआप वाजणारे प्रचंड वाद्य होते, काचघरात हमिंगबर्ड होते. बाहेरच्यांना मात्र बेटावर पाय ठेवायची मुभा नव्हती. अखेर १९५७ मध्ये बुलॉ कुटुंबाने २३ हजार पौंडांना हे बेट सरकारच्या निसर्गरक्षण संस्थेला विकले आणि रम राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले. गाव आणि भोवतालची थोडी जमीन आता गावकऱ्यांच्याच विश्वस्त संस्थेकडे आहे.

त्यानंतर तिथे जे घडले, ते कुठल्याही वाड्यापेक्षा मोलाचे आहे. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीमुळे नाहीसा झाला होता. १९७५ ते १९८५ या काळात नॉर्वेहून ८२ पिल्ले आणून रमवरून सोडली गेली. १९८५ मध्ये शेजारच्या मल बेटावर या गरुडांचे पहिले पिल्लू घरट्यातून उडाले. बेटाच्या उत्तरेला किलमोरीच्या खोऱ्यात तांबड्या हरणांचा अभ्यास कित्येक दशके अखंड चालू आहे. संशोधक तिथले एकेक हरीण चेहऱ्याने ओळखतात. कोणाचे पाडस जगले, कोण कितव्या वर्षी मेले, सगळ्याची नोंद आहे. वन्य प्राण्यांच्या अख्ख्या आयुष्यांचा असा हिशेब जगात फार थोड्या ठिकाणी ठेवला गेला आहे.

आणि मँक्स शिअरवॉटर! या समुद्रपक्ष्यांच्या सुमारे एक लाख जोड्या रमच्या डोंगरमाथ्यांवर बिळे करून राहतात. जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक. हिवाळा ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ काढतात आणि वसंतात परत येतात. पाय शरीराच्या फार मागे असल्याने त्यांना जमिनीवर नीट चालता येत नाही. दिवसा उतरले तर मोठे कुरव आणि गरुड फाडून खातील, म्हणून ते पूर्ण अंधार होईपर्यंत समुद्रावर थांबतात. मग हजारोंच्या संख्येने डोंगरावर धडकतात. बिळातून जोडीदार ओरडतो, वरून दुसरा उत्तर देतो. तो आवाज घोगरा, गळा दाबल्यासारखा असतो. नॉर्स खलाशांनी एका शिखराला राक्षसांचे नाव दिले, ते हा कल्लोळ ऐकूनच, असे मानतात. पिढ्यान् पिढ्यांच्या विष्ठेने बिळांभोवतीचे गवत गर्द हिरवे झाले आहे. ते चरायला हरणे वर येतात, आणि एखादे हरीण शिअरवॉटरच्या पिल्लाचे डोकेही खाऊन टाकते. बेटाच्या मातीत खनिजे कमी, आणि ती कसर हरणे हाडे चावून भरून काढतात, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

हे सारे घडते ते उंचावर, आणि तिथे बहुधा वारा असतो. म्हणजे रमचे सर्वांत थोर दृश्य जिथे आहे, तिथे मिजचा जोर कमी. खालच्या दलदलीत संध्याकाळ घालवून बेटाला नावे ठेवत परतणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. अर्थात रात्री त्या कड्यांवर अनोळखी माणसाने एकट्याने जाऊ नये. वाट निसरडी आहे आणि ढग केव्हा उतरतील याचा नेम नसतो.

मिज मेअखेरीला दिसू लागतात आणि जून ते ऑगस्ट त्यांचा भर असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्याला शिअरवॉटर भेटतात, दिवस लांब मिळतो आणि जाळी बहुतेक वेळ पिशवीतच राहते. ऑक्टोबरात मिज संपलेले असतात, नर हरणांच्या डरकाळ्या खोऱ्यात घुमतात. पण तोवर पक्षी दक्षिणेला गेलेले असतात. सुट्टी जुलैतच मिळाली तर जुलैतही जावे. जाळी घ्यावी, दुपारचे ऊन पडताच चढायला लागावे, जेवण वाऱ्याच्या जागी उरकावे आणि रात्री निजण्यापूर्वी पोटऱ्या नि गुडघ्यांमागे गोचीड चिकटली नाही ना, हे उजेडात नीट पाहून घ्यावे.